ओमाहांच्या डॉक्टरीणबाई

ऑक्टोबर १८८५ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला एक फोटो मराठी वाचकांच्या चांगल्या ओळखीचा आहे. साडीतल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली. तीन देशांतल्या तीन बायका आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. पुढच्या मार्चमध्ये आनंदीबाई पदवी घेऊन बाहेर पडल्या आणि ऑक्टोबरात मायदेशी निघाल्या. त्याच महिन्यात त्याच कॉलेजात एकवीस वर्षांची एक मुलगी दाखल झाली. ती कुठल्या परदेशातून आलेली नव्हती. वर्गात बसलेल्या सगळ्यांत अमेरिकेच्या मातीशी सगळ्यांत जुनं नातं तिचंच होतं. तरीही फिलाडेल्फियाला ती आनंदीबाईंपेक्षा कमी परकी वाटली नसेल.

तिचं नाव सुझन ला फ्लेश, जमात ओमाहा. वैद्यकाची पदवी मिळवणारी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतली ही पहिली स्त्री. पण 'पहिली' या एका शब्दावर तिची ओळख संपवायची सवय आपल्याला लागली आहे, आणि त्यात बरंच काही निसटतं. तिचं डॉक्टर होणं ही एका घराण्याची तीन पिढ्यांची गोष्ट आहे. डॉक्टर झाल्यावर तिने नेमकं काय केलं, ते तर पदवीपेक्षाही ऐकण्यासारखं आहे.

सरहद्द कुणाची?

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या इतिहासात 'फ्रंटियर' हा शब्द पावलोपावली भेटतो. गोऱ्यांची वस्ती पश्चिमेकडे सरकत जाई आणि तिची पुढची कड म्हणजे फ्रंटियर. तिथला डॉक्टर म्हणजे घोड्यावर बसून, खोगिराच्या पिशवीत औषधं घालून मैलोन्‌मैल हिंडणारा माणूस, असं चित्र गोष्टींतून आणि सिनेमांतून पक्कं झालं आहे. ते खोटं नाही. पण ज्या जमिनीला पूर्वेकडचे लोक सरहद्द म्हणत, ती तिथे आधीपासून राहणाऱ्यांच्या लेखी गावाची मधली आळी होती. त्यांच्या दृष्टीने सरहद्दच चालत त्यांच्या दारापर्यंत आली होती.

ओमाहा लोक मिसुरी नदीच्या काठचे. आजच्या नेब्रास्का राज्याच्या ईशान्य भागात त्यांची गावं होती. मक्याची शेती करायची आणि उन्हाळ्यात सगळी जमात घेऊन गव्यांच्या शिकारीला जायचं, असा त्यांचा वर्षाचा क्रम. १८५४ च्या तहाने त्यांनी आपला बहुतेक मुलूख अमेरिकन सरकारला दिला आणि नदीकाठचा एक तुकडा स्वतःसाठी राखून ठेवला. या राखीव मुलखाला तिकडे 'रिझर्व्हेशन' म्हणतात. आपल्याकडच्या आरक्षणाशी त्याचा संबंध नाही. तिथला कारभार पाहायला सरकारने नेमलेला एजंट असे आणि त्याच्या कचेरीला एजन्सी म्हणत. शिधा, शाळा, पोलीस, डॉक्टर, सगळं एजन्सीच्या हातात. १८६५ साली या राखीव मुलखाचाही उत्तरेकडचा भाग विनेबागो जमातीसाठी कापून दिला गेला. त्याच वर्षी १७ जूनला सुझनचा जन्म झाला.

आजोबा: सैन्यातले डॉक्टर

या घराण्यात डॉक्टरकी दोनदा आली. पहिल्यांदा आली ती निराळ्याच वाटेने. मिसुरीच्या काठी फोर्ट अ‍ॅटकिन्सन नावाचं लष्करी ठाणं होतं. तिथे १८२० च्या दशकात डॉ. जॉन गेल हे सैन्याचे सर्जन होते. त्यांनी निकोमी नावाच्या स्थानिक स्त्रीशी घरोबा केला आणि त्यांना मेरी ही मुलगी झाली. १८२७ मध्ये ठाणं उठलं आणि गेल यांची बदली झाली. मुलीला बरोबर न्यायचं त्यांच्या मनात होतं. निकोमीने लेकीला घेऊन लपून बसणं पसंत केलं, अशी आठवण सांगतात. काही वर्षांतच गेल वारले. निकोमीने पुढे पीटर सार्पी या फरच्या व्यापाऱ्याशी लग्न केलं. नेब्रास्कातला सार्पी जिल्हा त्याच्याच नावाचा.

ही मेरी गेल म्हणजे सुझनची आई. डॉक्टर आजोबा नातीने पाहिलेच नाहीत. आजोबांच्या पेशाचा वारसा तिच्याकडे आला असं कुणी म्हटलं तर मला ते पटत नाही. वारसा आला तो आजीकडून. मोठ्या घराचं बोलावणं आलं तरी आपल्या माणसांना सोडून जायचं नाही, हे निकोमीने लेकीला कुशीत घेऊन ठरवलं होतं. मेरीला इंग्रजी समजे, पण ती बोलायची ओमाहाच.

लोखंडी डोळा

सुझनचे वडील जोसेफ ला फ्लेश. त्यांच्या ओमाहा नावाचा अर्थ 'लोखंडी डोळा'. जोसेफ यांचे वडील फ्रेंच फर-व्यापारी, आई मूळ रहिवाशांतली. म्हणजे जोसेफ आणि मेरी, नवरा-बायको दोघेही अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे. व्यापाराच्या निमित्ताने जोसेफ बापाबरोबर बरंच हिंडले होते आणि गोऱ्यांचं जग त्यांनी जवळून पाहिलं होतं. ओमाहांचे प्रमुख बिग एल्क यांनी त्यांना मानसपुत्र मानलं. १८५४ च्या तहावर जोसेफ यांची सही आहे आणि बिग एल्क यांच्यानंतर प्रमुखपदही त्यांच्याकडे आलं.

त्यांचं मत साधं आणि कठोर होतं. गोरे लोक परत जाणार नाहीत. तेव्हा त्यांची भाषा, त्यांची शेती आणि त्यांचा कायदा शिकल्याशिवाय आपली जमात उरायची नाही. त्यांनी लाकडी दुमजली घर बांधलं, आजूबाजूला तशीच घरं उभी केली, रस्ते आखले, शेतं वाटून दिली. जमातीतले जुन्या वळणाचे लोक मातीच्या घुमटाकार घरांत राहत. त्यांनी या वस्तीचं नाव ठेवलं 'गोऱ्यांचं सोंग घेतलेल्यांचं गाव'. टोमणा बोचरा होता आणि त्यात तथ्यही होतं. पायाच्या जखमेमुळे जोसेफ यांचा एक पाय कापावा लागला होता. लाकडी पाय लावून ते या सोंगाच्या गावातून हिंडत आणि टोमणे ऐकून घेत.

त्यांचे दोन निर्णय पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला गोंदणाचा. मानाच्या घरातल्या ओमाहा मुलीच्या कपाळावर निळा ठिपका आणि गळ्याखाली तारा गोंदत. तो मान वडिलांनी मोठी दानं देऊन मिळवायचा असे. जोसेफ यांनी मुलींना गोंदू दिलं नाही. उद्या गोऱ्यांच्या जगात वावरताना ही खूण आड येईल, असं त्यांना वाटलं. आपल्याकडे एखाद्या पाटलाने ऐन पंगतीत घराण्याचा मान नाकारावा, तसं हे होतं. दुसरा निर्णय दारूचा. त्यांनी जमातीचे स्वतःचे पोलीस नेमले आणि प्यालेल्याला चाबकाचे फटके बसत. एजंटाशी बिनसून त्यांचं प्रमुखपद १८६६ च्या सुमारास गेलं; सुझन तेव्हा पाळण्यात होती. पण घरातली शिस्त आणि बाहेरचा दरारा गेला नाही.

भावंडं

या घरातली मुलं पाहिली की जोसेफ यांचा हट्ट किती खोल गेला होता ते कळतं. सगळ्यांत थोरली सुझेट. तिचं ओमाहा नाव इंग्रजीत 'ब्राइट आइज' असं गाजलं. ओमाहांचे भाऊबंद असलेल्या पाँका जमातीला सरकारने १८७७ मध्ये हुसकून दक्षिणेला आजच्या ओक्लाहोमात नेलं. तिथे माणसं भराभर मेली. पाँकांचा प्रमुख स्टँडिंग बेअर मेलेल्या मुलाला वाडवडिलांच्या जमिनीत पुरायला थंडीच्या कडाक्यात पायी परत निघाला आणि पकडला गेला. मे १८७९ मध्ये ओमाहा शहरात खटला चालला आणि न्यायाधीश एल्मर डंडी यांनी निकाल दिला की इंडियन, म्हणजे अमेरिकेचा मूळ रहिवासी, हा कायद्याच्या नजरेत 'व्यक्ती' आहे. ते सांगायला कोर्ट लागलं, यातच सगळं आलं. त्यानंतर स्टँडिंग बेअर यांची बाजू पूर्वेकडच्या शहरांत मांडायला दुभाषी म्हणून उभी राहिली ती सुझेट. तिने पुढे थॉमस टिबल्स या पत्रकाराशी लग्न केलं.

दुसरी रोझाली. ती शिकायला पूर्वेला गेली नाही, गावातच राहिली. जमातीच्या सामाईक कुरणाचा हिशेब, गुरांचे करार, लोकांचे कज्जे, सगळं तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाले. नेब्रास्कात रोझाली नावाचं गाव आहे, ते तिच्याच नावाचं. तिसरी मार्गरीट, शिक्षिका. सावत्र भाऊ फ्रान्सिस अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांतला पहिला मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखला जातो. अ‍ॅलिस फ्लेचर या संशोधक बाईंबरोबर त्याने लिहिलेला ओमाहा जमातीवरचा मोठा ग्रंथ १९११ मध्ये निघाला.

सुझन या बहिणींत धाकटी. तिने बाहेरून लिहिलेली बहुतेक पत्रं रोझालीला आहेत. आज आपल्याला तिचा आवाज ऐकू येतो तो मुख्यतः या बहिणीने पत्रं जपल्यामुळे.

न आलेला डॉक्टर

सुझन आठ वर्षांची असताना एका आजारी म्हातारीच्या उशाशी बसली होती. एजन्सीच्या गोऱ्या डॉक्टरला निरोप गेला. येतो म्हणाला, आला नाही. पुन्हा निरोप गेला. असा चार वेळा माणूस धाडला, चारही वेळा 'येतो' असंच उत्तर आलं. पहाटेच्या आधी म्हातारी गेली. मरणारी इंडियन होती म्हणून त्याला घाई वाटली नाही, एवढंच सुझनला त्या रात्री समजलं, आणि ते ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली.

हॅम्पटन आणि फिलाडेल्फिया

मिशनच्या शाळेनंतर १८७९ मध्ये मार्गरीट आणि सुझन न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावी मुलींच्या शाळेत गेल्या. तीन वर्षांनी सुझन परत आली आणि गावच्या शाळेत शिकवू लागली. याच काळात अ‍ॅलिस फ्लेचर संधिवाताने अंथरुणाला खिळल्या आणि सुझनने त्यांची शुश्रूषा केली. बाईंनी तिची हुशारी ओळखली आणि पुढे शिकायचा आग्रह धरला.

१८८४ मध्ये ती व्हर्जिनियातल्या हॅम्पटन संस्थेत दाखल झाली. गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या या संस्थेत १८७८ पासून इंडियन मुलांनाही घेत. तिथल्या डॉक्टर मार्था वॉल्ड्रन फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजच्या पदवीधर होत्या आणि सुझनला ती वाट त्यांनी दाखवली. प्रश्न पैशांचा होता. कनेटिकटमधल्या बायकांच्या एका संघटनेने भार उचलला, पण अट घातली: शिकत असताना आणि त्यानंतरही काही वर्षं लग्न करायचं नाही. हॅम्पटनमध्ये सू जमातीच्या एका तरुणाशी तिचं जुळत आलं होतं. ते तिने तिथेच थांबवलं. गोपाळरावांनी आपल्या बायकोला, आनंदीबाईंना, शिकवण्यासाठी काय काय केलं आणि करायला लावलं, हे वाचत आलेल्या आपल्या वाचकाला ही अट उलट्या बाजूने ओळखीची वाटेल. बाईने शिकायचं तर तिच्या लग्नाचं काय करायचं हे दुसऱ्याच कुणीतरी ठरवायचं.

कॉलेजच्या डीन रेचल बॉडली. आनंदीबाईंना प्रवेश देणाऱ्या त्याच. १८८८ मध्ये त्या वारल्या. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात आनंदीबाई गेल्या, तेव्हा सुझन पहिल्या वर्षाला होती. शवविच्छेदनाला ती घाबरली नाही. हातात चाकू घेणार, पण टाळू सोलायचा नव्हे बरं, अशी थट्टा तिने रोझालीला पत्रातून केली. इंडियन म्हटलं की गोऱ्यांना काय आठवतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. १८८८ च्या उन्हाळ्यात ती घरी आली तेव्हा गोवर पसरला होता. सुट्टी रोग्यांत गेली. त्याच सप्टेंबरात वडील गेले. सहा महिन्यांनी, १४ मार्च १८८९ रोजी, ३६ जणींच्या वर्गात पहिली येऊन ती पदवीधर झाली.

बारा बाय सोळाची खोली

काही महिने फिलाडेल्फियाच्या महिला रुग्णालयात उमेदवारी करून ऑगस्ट १८८९ मध्ये डॉ. सुझन ला फ्लेश गावी परतल्या. (आता 'त्या' म्हणायला हवं.) नेमणूक होती सरकारी शाळेच्या मुलांची डॉक्टर म्हणून. पण गावच्या मोठ्या माणसांना एजन्सीच्या डॉक्टरशी बोलायला दुभाषी लागे आणि इथे तर आपल्या भाषेत बोलणारी, आपल्याच घरातली डॉक्टर आली होती. लवकरच सगळी जमातच त्यांच्याकडे आली. वय चोवीस, रोगी १,२४४, सरकारी पगार वर्षाला ५०० डॉलर. महिला संघटना वर २५० डॉलर देई.

दवाखाना म्हणजे शाळेच्या आवारातली बारा फूट बाय सोळा फुटांची खोली. तिथे औषधांच्या फळीशेजारी चित्रांची पुस्तकं, मासिकं आणि खेळ ठेवलेले असत. लोक दुखणं नसलं तरी येऊन बसत. आपल्याकडे गावातला जुना वैद्य जसा अर्धा सल्लागार असे, तसंच. औषध घेऊन झालं की खिशातून सरकारी कागद निघे: हे काय लिहिलंय, वाचून सांगा, याला उत्तर लिहून द्या, शेजारी माझ्या हद्दीत आलाय, काय करू? दवाखान्यात आलेल्याला या बाई कागद वाचून न देता परत पाठवत नसत. डॉक्टर, कारकून, वकील आणि दुभाषी ही चारही कामं एकाच पगारात होत होती.

घरोघर जाणं हे खरं काम. जवळ असेल तर पायी, दूर असेल तर घोड्यावर. घोड्यावर बाटल्या फुटत, थर्मामीटर मोडत, म्हणून पुढे दोन घोड्यांची बग्गी घेतली. हिवाळ्यात पारा फॅरनहाइटच्या शून्याखाली जाई, रस्ता असा नसेच, आणि एका घरातून दुसऱ्या घरी पोचायला तासन्‌तास लागत. क्षय, इन्फ्लुएन्झा, हगवण, डोळे येणं, बाळंतपणं. यातल्या बऱ्याच दुखण्यांवर त्या काळी खात्रीचं औषध नव्हतंच. क्षयाला तर नाहीच. म्हणून औषधाइतकाच वेळ त्या खिडक्या उघडायला लावण्यात, पाणी उकळायला सांगण्यात आणि रोग्यासाठी पेज शिजवून देण्यात घालवत. रात्री-अपरात्री कुणी शोधत आलं तर घर सापडावं म्हणून खिडकीत दिवा लावून ठेवत. चार वेळा निरोप जाऊनही न आलेल्या डॉक्टरची आठवण ज्याला आहे, त्याला त्या दिव्याचं कारण सांगायला नको.

शरीराने साथ दिली नाही. कान, मान आणि पाठ यांचं दुखणं विद्यार्थिदशेपासून मागे लागलेलं. १८९३ मध्ये, चार वर्षांनी, त्यांनी नोकरी सोडली.

हेन्री

१८९४ मध्ये त्यांनी हेन्री पिकॉटशी लग्न केलं आणि सगळ्यांना आश्चर्याचा धक्का दिला. हेन्री सू जमातीचा, घटस्फोटित, फारसा न शिकलेला, गोष्टी रंगवून सांगणारा हसरा माणूस. मार्गरीटच्या दिवंगत पहिल्या नवऱ्याचा, चार्ल्स पिकॉटचा, हा भाऊ. म्हणजे सख्ख्या बहिणी नात्याने जावाही झाल्या. शिकवणाऱ्या संघटनेतल्या बायकांना हे लग्न पसंत पडलं नाही. बायको झाल्यावर डॉक्टरकी संपणार, असं त्यांनी धरलं होतं.

तसं झालं नाही. दोघांनी बँक्रॉफ्ट गावी घर केलं आणि डॉ. पिकॉट यांनी तिथे खासगी दवाखाना थाटला. आता इंडियनांबरोबर गोरे रोगीही येत. कॅरिल आणि पिएर हे दोन मुलगे झाले. हेन्री शेती बघे आणि मुलं सांभाळे. तो घरी नसेल तर आई मुलांना बग्गीत घालून रोग्याकडे नेई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी असं घर नेब्रास्कातच काय, बोस्टनमध्येही विरळाच.

पण हेन्री प्यायचा. ज्या घरात बापाने दारूड्यांना फटके मारले, त्या घरच्या डॉक्टर मुलीच्या नवऱ्यालाच दारूने पोखरलं. १९०५ मध्ये क्षय आणि दारू दोन्हींनी मिळून त्याला नेलं. थोरली बहीण सुझेट १९०३ मध्ये आणि रोझाली त्याही आधी, १९०० मध्ये गेली होती. आता चाळिशीतली विधवा, दोन लहान मुलं आणि म्हातारी आई मेरी.

जमीन, दारू, माश्या

हेन्रीची थोडी जमीन साउथ डकोटात होती. ती मुलांची व्हायची. पण इंडियन माणसाची जमीन सरकारच्या पालकत्वाखाली असे आणि वारसांना तिचा पैसा हवा तर वॉशिंग्टनच्या कचेरीची मंजुरी लागे. मुलांचे पैसे आपण नीट सांभाळू शकतो, हे एका पदवीधर डॉक्टर बाईला पत्रांमागून पत्रं लिहून सरकारला पटवावं लागलं. आपलंच हे होतं तर निरक्षर शेजाऱ्यांचं काय होत असेल, हे त्यांनी लगेच ताडलं. १८८२ च्या कायद्याने ओमाहांची सामाईक जमीन कुटुंबवार तोडून दिली होती आणि पंचवीस वर्षं ती विकायला बंदी होती. ती मुदत सरत आली तसे दलाल, सावकार आणि लबाड वारसदार गोळा झाले, आणि दुसरीकडून सरकारने पालकत्वाची मुदत वाढवायला घेतली. १९१० मध्ये जमातीच्या शिष्टमंडळाबरोबर डॉ. पिकॉट वॉशिंग्टनला गेल्या. आम्हाला लुटारूंच्या हवाली करू नका आणि आम्हाला लहान मुलंही समजू नका, असं त्यांचं दुहेरी म्हणणं होतं. ते सरकारला एका दमात कधीच समजलं नाही.

दारूबद्दल त्या वडिलांइतक्याच कडक होत्या आणि त्यामुळे काही जणांना नकोशाही झाल्या. १९०६ मध्ये रेल्वेच्या वाटेवर वॉल्टहिल हे नवं गाव वसलं. तिथल्या जमिनीच्या खरेदीखतांतच दारूविक्रीला बंदी घालणारं कलम यावं, यासाठी त्यांनी खटपट केली. त्या स्वतःही वॉल्टहिलला राहायला आल्या. कुणी म्हणेल, दारूचा खरा प्रश्न दारिद्र्य आणि लुबाडणुकीचा होता, बंदीचा नव्हे. खरं आहे. पण नवऱ्याच्या तिरडीमागून चालून आलेल्या बाईकडून ही तटस्थता मागणं मला जमत नाही.

रोगराईचं त्यांचं गणित मात्र आजही पटेल असं होतं. शाळेत आणि आगगाडीत सगळ्यांनी एकाच पेल्यातून पाणी प्यायची रीत मोडा. दारं-खिडक्यांना जाळ्या लावा. माश्या मारा, अन्नावर बसू देऊ नका. क्षयाच्या रोग्याला उघड्या हवेत झोपवा. यासाठी त्यांनी फलक छापले, सभा घेतल्या, कायदेमंडळाचे उंबरठे झिजवले. हे सगळं करताना त्यांना स्वतःला नेब्रास्कात मताचा अधिकार नव्हता, कारण त्या बाई होत्या.

वॉल्टहिलचं हॉस्पिटल

राखीव मुलखात एक हॉस्पिटल असावं, हे त्यांचं पदवीपासूनचं मागणं. सरकारने पैसे दिले नाहीत. शेवटी प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशन मंडळाने ८,००० डॉलर दिले, क्वेकर पंथाच्या लोकांनी ५०० दिले, बाकी वर्गणी. जानेवारी १९१३ मध्ये वॉल्टहिलमध्ये लाकडी बांधणीचं हॉस्पिटल उघडलं. त्यात सामान्य वॉर्ड, बाळंतिणींसाठी वेगळा वॉर्ड आणि शस्त्रक्रियेची खोली होती. रोगी गोरा की इंडियन, असं दारात विचारलं जात नसे.

डॉक्टरीणबाईंना मात्र त्याचा फार काळ उपयोग झाला नाही. कानाच्या दुखण्याने बहिरेपण आलं होतं आणि आता ते दुखणं हाडांत उतरलं होतं. १९१५ च्या सुरुवातीला शस्त्रक्रिया झाल्या. १८ सप्टेंबर १९१५ रोजी वॉल्टहिलच्या घरी त्या गेल्या. वय पन्नास. अंत्यविधीला गोऱ्या पाद्र्यांची भाषणं झाली आणि शेवटची प्रार्थना एका ओमाहा वृद्धाने ओमाहा भाषेत म्हटली. बँक्रॉफ्टच्या दफनभूमीत हेन्रीशेजारी त्यांना पुरलं.

हॉस्पिटलला पुढे त्यांचं नाव दिलं गेलं. चाळीसच्या दशकात ते बंद पडलं. १९९३ मध्ये त्या इमारतीला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि २०२१ मध्ये राज्याच्या राजधानीत, लिंकन शहरात, त्यांचा पुतळा उभा राहिला. कॅरिल सैन्यात गेला आणि पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाला. पिएर वॉल्टहिलमध्येच राहिला. त्याची मुलं तिथेच वाढली.